फॉल्स सीलिंगमधून नेलेली स्पीकरची वायर, आणि डग्गा गेला कुठे?

खर्जषड्ज

कोथरूडला आमच्या हॉलचं काम नुकतंच झालं. आधी अँप आणि दोन्ही स्पीकर एकाच लाकडी शेल्फवर होते, वायर जेमतेम दोन-दोन मीटर. आता अँप टीव्हीच्या कपाटात गेलाय आणि स्पीकर समोरच्या भिंतीवर. वायर कंत्राटदाराच्या माणसांनी फॉल्स सीलिंगमधून नेली. उजव्या स्पीकरची साधारण ६ मीटर भरेल, डावीकडची पॅसेजला वळसा घालून १४ मीटर.

स्पीकर तेच, अँप तोच, फाइलीही त्याच. पण शेल्फवर असताना डग्गा पोटात जाणवायचा, आता नुसता ऐकू येतो. गाणाऱ्याचा आवाज दोन स्पीकरच्या बरोबर मधोमध उभा राहायचा, तो आता कुठून येतोय तेच कळत नाही. तानपुऱ्याची जवारी मात्र छान मोकळी लागते, म्हणजे वरचे सूर व्यवस्थित पोचताहेत.

एका ओळखीच्यांनी बाय-वायरिंग (एका स्पीकरला वायरीच्या दोन जोड्या) करायला सांगितलं, दुसऱ्यांनी चांदीचा मुलामा असलेली केबल सुचवली. ती केबल १४ मीटर घ्यायची म्हणजे जवळपास स्पीकरच्या किमतीइतका खर्च. स्पीकर ६ ओहमचे आहेत, अँप ६० वॅटचा. वायरिंगमुळे आवाज इतका बदलू शकतो का? कुठून सुरुवात करू?

ओहमकार

बदलू शकतो. पण केबल घ्यायच्या आधी एक करून बघा. अँप बंद करा. फक्त डाव्या स्पीकरच्या मागची लाल-काळी टोकं उलटी करा. अँपकडे काही हलवू नका. मग तीच चीज लावा आणि डग्गा ऐका. मोनो बटण असेल तर दाबून ठेवा, फरक लगेच कळेल.

तुम्ही लिहिलेली लक्षणं, म्हणजे बेस गायब, आवाज मधोमध नाही आणि वरचे सूर ठीक, ही एका स्पीकरचं प्लस-मायनस उलटं झाल्याची आहेत.

खर्जषड्ज

केलं. टोकं फिरवल्याबरोबर डग्गा जागेवर आला. गाणंही पुन्हा मधोमध. घरातल्या सगळ्यांना फरक कळला, कुणाला काही सांगावं लागलं नाही.

पण सीलिंगमध्ये मध्येच कुठे तरी रंग बदललेत, कारण अँपकडे मी लालला लालच जोडलं होतं. आणि अजून एक गोष्ट खटकतेय: डावी बाजू उजवीपेक्षा किंचित पडेल वाटते. बॅलन्स थोडा डावीकडे नेला की बरं वाटतं, पण शेल्फवर होता तसा भरीवपणा येत नाही.

डेक्कन_जिमखाना

वाचतोय. आमच्याकडेही इंटिरियरवाल्यांनी असंच करून ठेवलंय. प्लस-मायनस उलटं असलं की फक्त बेसच का जातो? वरचे सूर का नाही?

ओहमकार

डेक्कन, तरंगलांबी बघा. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. डग्ग्याचा घुमारा ८० हर्ट्झच्या आसपास धरला तर एक लाट सव्वाचार मीटरची होते. स्पीकर एकमेकांपासून दोन मीटरवर. त्यामुळे एक कोन हवा पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढत असेल, तर खोलीत दोन्ही मिळून फारसं काही उरत नाही. ५००० हर्ट्झला लाट सात सेंटिमीटरचीच असते. डोकं जरा हललं की तिथे मिळणं-वजा होणं बदलतं, म्हणून कानाला कमी झाल्यासारखं वाटत नाही, फक्त दिशा हरवते. जवारी मोकळी वाटत होती त्याचं कारण हेच.

सीलिंग बंद असताना कुठली तार प्लस हे ओळखायचं असेल तर दीड व्होल्टचा पेन्सिल सेल पुरतो. अँपपासून दोन्ही टोकं सोडवा. सेलचं प्लस एका तारेला लावून दुसरी तार मायनसला क्षणभर टेकवा. स्पीकरजवळ दुसरा माणूस जाळी काढून वूफरकडे (बेसच्या मोठ्या कोनाकडे) बघत बसेल. कोन बाहेर आला तर सेलच्या प्लसला लावलेली तार प्लस, आत गेला तर उलट. फक्त वूफरकडे बघायचं, कारण काही स्पीकरमध्ये ट्वीटर किंवा मिड (वरच्या आणि मधल्या सुरांचे भाग) मुद्दामच आतून उलटा जोडलेला असतो. सेल टेकवून धरू नका.

खर्जषड्ज, आता डावी बाजू पडेल का, ते पाहू. वायर कुठली आहे? तिच्यावर काही छापलंय का?

खर्जषड्ज

काही छापलेलं नाही. पारदर्शक प्लास्टिक, आत दोन तारा, एकीच्या कडेला लाल रेघ. मल्टिस्ट्रँड. तंतू मोजले, १४ भरले.

तपकीर_गल्लीचा_वारकरी

मग ती 'चौदा-छत्तीस'. ३६ गेजच्या १४ तारा. तपकीर गल्लीत (पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात) ही सगळ्यात जास्त खपते, कारण स्वस्त आहे आणि बारीक पाइपातून सहज जाते. तिच्या वर 'तेवीस-छत्तीस', मग 'चाळीस-छत्तीस'. चौदा-छत्तीसमध्ये तांबं ०.४१ स्क्वेअर एमएम, तेवीसमध्ये ०.६७, चाळीसमध्ये १.१७. शेल्फवरच्या दोन मीटरला चौदा-छत्तीस चालून जाते. चौदा मीटरला ती घालायला नको होती.

अजून एक तपासा. तंतू खरंच तांब्याचे आहेत ना? बाजारात अॅल्युमिनियमवर तांब्याचा पातळ थर दिलेली वायर भरपूर आहे, दिसायला अगदी तांबडी. ब्लेडने एक तंतू खरवडा. आतून पांढरा निघाला तर अॅल्युमिनियम. दुकानात कळत नसेल तर बंडल हातात घेऊन बघा. तांबं अॅल्युमिनियमच्या तिपटीहून जड असतं, हाताला लगेच समजतं. तशा वायरीचा रेझिस्टन्स तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या दीडपटीहून थोडा जास्त धरावा लागतो. म्हणजे दुकानदार अडीच स्क्वेअर एमएम म्हणून देतो आणि काम दीडच्या वायरीचं होतं.

खर्जषड्ज

खरवडलं. आतून तांबंच आहे.

ओहमकार

उत्तम, एक शंका गेली. आता मोजा. स्पीकरकडची दोन टोकं स्पीकरमधून काढून एकमेकांत घट्ट पिळा. अँपकडची टोकं अँपमधून काढा आणि तिथे मल्टीमीटर लावा, ओहमच्या सगळ्यात खालच्या रेंजवर. आधी मीटरच्या दोन पिना एकमेकींना टेकवून जे दिसेल ते लिहून ठेवा आणि नंतरच्या आकड्यातून वजा करा. इतक्या लहान आकड्यात पिनांच्या वायरीचा रेझिस्टन्ससुद्धा मोठा वाटा घेतो.

काय यायला हवं ते सांगतो. चौदा-छत्तीसचा रेझिस्टन्स मीटरमागे साधारण ०.०४२ ओहम. करंट जातो आणि परत येतो, म्हणून लांबी दुप्पट धरायची. उजवीकडे ६ मीटर म्हणजे १२ मीटर तार, ०.५ ओहम. डावीकडे २८ मीटर तार, १.२ च्या आसपास.

कान_हाच_मीटर

मला थोडं वेगळं वाटतं. मी गेली कित्येक वर्षं केबल बदलून ऐकतोय आणि फरक मला स्पष्ट ऐकू येतो. सगळं काही ओहममध्ये मावत नाही. केबलला इंडक्टन्स असतो (फ्रीक्वेन्सी वाढेल तसा वाढणारा अडथळा), कपॅसिटन्स असतो (दोन तारांमध्ये चार्ज साठणं), स्किन इफेक्ट असतो (करंट तारेच्या पृष्ठभागाकडे सरकणं). १९९१ साली फ्रेड डेव्हिस यांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात १२ केबल मोजून दाखवल्या होत्या. फ्रीक्वेन्सी वाढत जाते तसा केबलींमधला फरक वाढत जातो, हे त्यांच्या मोजमापांत दिसतं. संगीत ऐकणाऱ्या माणसाने कानावर विश्वास ठेवू नये, हे मला पटत नाही.

ओहमकार

डेव्हिस यांचा तो लेख महत्त्वाचा आहे, तुम्ही तो काढलात हे बरं झालं. त्यात फरक दिसले ते मोजता येणाऱ्या गोष्टींतून दिसले. तेव्हा त्याच गोष्टी खर्जषड्ज यांच्या १४ मीटरला लावून बघू.

इंडक्टन्स: साध्या जोडवायरीला मीटरमागे ०.६ ते ०.७ मायक्रोहेन्री, १४ मीटरला धरा ९. श्रवणाच्या अगदी वरच्या टोकाला, २०,००० हर्ट्झला, तो जेमतेम सव्वा ओहमाइतका अडथळा होतो. आणि तो स्पीकरच्या रेझिस्टन्समध्ये सरळ मिळवला जात नाही, काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजूंसारखा मिळवला जातो. त्यामुळे घट पाव डीबीच्याही (डेसिबलच्या) आत राहते. पण हीच लाल आणि काळी तार पाइपात एकमेकींपासून चार-सहा इंच लांब ठेवली तर इंडक्टन्स तिपटीवर जातो आणि तिथली घट एक डीबीच्या पुढे. कानाला कळण्यासारखी. म्हणून दोन तारा कायम जोडीने, शक्यतो पीळ घालूनच न्यायच्या. हा केबलचा खरा गुण आहे आणि तो पैसे न देता मिळतो.

स्किन इफेक्ट: २०,००० हर्ट्झला तांब्यात करंट साधारण ०.४६ मिलिमीटर खोलवर वाहतो. अडीच एमएमच्या वायरीत त्याने रेझिस्टन्स थोडा वाढतो, पण मुळात तो एवढा कमी की १४ मीटरला ही वाढ ओहमच्या दहाव्या हिश्श्याएवढीही होत नाही. कपॅसिटन्सचा घरात विचार करायचं कारण नाही. अगदी दाट वेणी घातलेल्या काही महाग केबलींत तो वाढतो आणि एखादा नाजूक अँप त्यामुळे अस्थिर होऊ शकतो, एवढंच.

कानाबद्दल. कानावर विश्वास ठेवावाच, पण कोणती केबल चालू आहे हे कानाला ठाऊक नसताना. १९८२ साली त्याच नियतकालिकात डेव्हिड क्लार्क यांनी अशा तुलनेसाठी एक पेटी मांडली. ऐकणाऱ्यालाही माहीत नाही आणि ऐकवणाऱ्यालाही नाही. दोन्हीकडचा आवाज दशांश डीबीपर्यंत सारखा करून घ्यायचा. कारण अर्ध्या डीबीने मोठं वाजणारं आपल्याला मोठं वाटत नाही, चांगलं वाटतं.

कान_हाच_मीटर

पीळ घालण्याचं मान्य. दोन तारांमधल्या अंतराने इतका फरक पडतो हे मला माहीत नव्हतं. पण मी जे ऐकलंय तो भास होता, असं मी म्हणणार नाही.

मुळाकाठ

मध्ये बोलतो. माझं काम दुरुस्तीचं, जुने डेक, अँप, स्पीकर. 'केबल बदलल्यावर आवाज उघडला' असं सांगणारे लोक मला नेहमी भेटतात आणि त्यातले बरेच जण खरं सांगत असतात. केबल बदलताना माणूस जुनी टोकं कापतो, नवी सोलतो, टर्मिनल पुसतो, स्क्रू आवळतो. चार वर्षांत कुणी हे केलेलं नसतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात उघडं तांबं काळं पडतं, काही प्लास्टिकखाली हिरवं होतं. स्प्रिंगच्या क्लिपात धरलेल्या काळ्या टोकाचा कॉन्टॅक्ट कधी चांगला, कधी वाईट. आवाज मोठा केला की बेस अडखळतो, वरचा आवाज खरखरतो. नवी केबल घातली की ते सगळं जातं. फरक खरा असतो. पण तो सोललेल्या दीड सेंटिमीटरचा असतो.

तेव्हा आधी जुनीच केबल घ्या, दोन्हीकडची दोन-दोन इंच कापून टाका, चकचकीत तांबं दिसेपर्यंत सोला, पीळ घाला, पुन्हा घट्ट बसवा. मग ऐका. ट्रेबलकडे लक्ष असेल तर उठण्याआधी खुर्ची कुठे आहे ते बघून ठेवा. डोकं वीतभर हललं तरी वरचे सूर बदलतात.

टोकाला सोल्डर लावून ते स्क्रूखाली दाबू नका. सोल्डर मऊ असतं, दाबाखाली हळूहळू पसरतं आणि काही महिन्यांनी स्क्रू आपोआप ढिला होतो. उघडी तार नीट पिळून लावा किंवा पिन थिंबल (टोकावर बसवायची धातूची पिन) दाबून क्रिंप करा. बनाना प्लग घेतलात तर स्क्रूने घट्ट होणारे घ्या. आणि एकही तंतू बाहेर राहू देऊ नका. शेजारच्या टर्मिनलला एक तंतू टेकला तरी अँपचं आउटपुट जाऊ शकतं.

कान_हाच_मीटर

हे आजच करून बघतो. माझी जुनी केबल अजून माळ्यावर आहे.

खर्जषड्ज

मोजलं. उजवी ०.५ ओहम, अगदी सांगितल्याप्रमाणे. डावी १.५. हिशोबाने १.२ यायला हवी होती.

वरचा ०.३ कुठून आला ते शोधायला पॅसेजमधला डाउनलाइट खाली ओढला आणि भोकातून टॉर्च मारली. पाइप मध्येच संपलाय. तिथे वायर कमी पडली म्हणून दुसरा तुकडा जोडलाय. टेप सोडली तर चिकटा हाताला लागला, आत दोन्ही बाजूंचे तंतू एकमेकांवर नुसते टेकवून अर्धा पीळ दिलेला. १४ पैकी पाच-सहा तंतू तुटून टेपलाच चिकटलेले, उरलेले काळे. लाल रेघ रेघेला न जोडता साध्या बाजूला जोडलेली. प्लस-मायनस इथेच उलटं झालं होतं.

ओहमकार

सापडलं. आता दीड ओहमने नेमकं काय होत होतं ते सांगतो, कारण 'वायरीने आवाज बदलतो' या म्हणण्यातला खरा भाग इथे आहे.

६ ओहमचा स्पीकर सगळ्या सुरांना ६ ओहम नसतो. नियमाप्रमाणे तो छापलेल्या आकड्याच्या ८० टक्क्यांखाली जाऊ नये, म्हणजे काही सुरांना ४.८ पर्यंत उतरेल. वूफरच्या रेझोनन्सपाशी (ज्या सुराला तो आपसूक सगळ्यात सहज हलतो तिथे) तोच २५ च्या वर जातो. वायर स्पीकरबरोबर सिरीजमध्ये (एकामागे एक) असते, तेव्हा व्होल्टेज दोघांत वाटलं जातं. जिथे स्पीकर २५ ओहम आहे तिथे दीड ओहमची वायर अर्धा डीबी खाते. जिथे ४.८ आहे तिथे जवळजवळ २.४ डीबी. म्हणजे आवाज नुसता कमी होत नाही, त्याचा आकार बदलतो, काही सूर मागे जातात आणि काही तिथेच राहतात. बॅलन्सने सगळे सूर सारखेच वर-खाली होतात, म्हणून बॅलन्स फिरवून ते दुरुस्त होईना. उजवीकडे अर्धा ओहम असल्याने तीच घट ०.९ डीबीच होती. म्हणून डावी बाजू पडेल.

आता अडीच एमएमची वायर घातली तर मीटरमागे ०.००८ ओहम, २८ मीटरला ०.२२. सगळ्यात वाईट जागी घट ०.४ डीबी, सगळ्यात चांगल्या जागी ०.१ पेक्षा कमी. दोन्हींतला फरक कुणाच्याही कानाला कळू नये इतका. जाता-येता मिळून वायरीचा रेझिस्टन्स स्पीकरच्या ५ टक्क्यांच्या आत ठेवावा असा रूढ नियम आहे. ६ ओहमला ०.३. तुम्ही त्यात बसता. याहून जाड वायर घेऊन तुमच्या घरात काही मिळणार नाही.

उजवीकडे ६ मीटरच असलं तरी तिथेही अडीचच घाला. चौदा-छत्तीसचा अर्धा ओहम तिथेही या मर्यादेबाहेर आहे.

तपकीर_गल्लीचा_वारकरी

घरातल्या वायरिंगला वापरतात तीच आयएसआय मार्कची मल्टिस्ट्रँड अडीच एमएम घ्या, एक लाल, एक काळी. बंडल ९० मीटरचं येतं, पण गल्लीत मीटरवर कापून देणारी दुकानं आहेत. आपल्या पिंपरीच्या फिनोलेक्सची घ्या नाहीतर दुसऱ्या कुठल्या नावाजलेल्या कंपनीची, आकडा छापलेला असेल तर तांबं तेवढं भरतं. दोन्ही तारांची एकेक टोकं दाराच्या कडीला बांधा, दुसरी टोकं ड्रिलच्या चकात धरा आणि सावकाश फिरवा. छान पीळ बसतो. पीळ घातल्यावर लांबी कमी होते, तेव्हा दोन मीटर जास्तीची घ्या.

जुनी वायर आधी उपसू नका. तिच्याच टोकाला नवी बांधून ओढा. बांधलेल्या जागी टेप निमुळती गुंडाळा, नाहीतर बेंडला अडकेल. आणि मध्ये जोड नको. सीलिंगमध्ये तर नकोच.

खर्जषड्ज

मेन्सच्या पाइपातूनच नेली तर चालेल का? पॅसेजमध्ये एकच पाइप आहे.

मुळाकाठ

नको. घुंs आवाजाची भीती त्यात फारशी नाही. स्पीकरची वायर कमी ओहमची असते, शेजारच्या लाइटच्या वायरीने तिच्यात ऐकू येण्यासारखं काही उतरत नाही. घुंs येते ती बहुतेक वेळा अँपच्या आधीच्या आरसीए वायरीतून (अँपला सिग्नल आणणाऱ्या) किंवा केबल टीव्हीच्या अर्थिंगमुळे. कारण सुरक्षिततेचं आहे. मेन्सची वायर कुठे सोलली गेली तर २३० व्होल्ट थेट स्पीकरच्या उघड्या टर्मिनलवर येतील, जिथे लहान मुलांचे हात पोचतात. वेगळा पाइप टाका. तो बसत नसेल तर सीलिंगच्या आतून पट्टी मारा.

सदाशिव_पेठेतली_मी

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. आमच्या जुन्या फ्लॅटमध्ये वडिलांनी स्पीकरसाठी भिंतीतून तीनच वायरी नेल्या होत्या: डावा प्लस, उजवा प्लस आणि दोघांना मिळून एक मायनस. त्यांच्या जुन्या अँपवर सगळं नीट वाजायचं. आता तो बंद पडला आणि मी छोटा क्लास-डी अँप आणलाय. जुन्या वायरींना तसाच जोडू ना?

ओहमकार

ताई, अजिबात जोडू नका. आत टीपीए३११६ किंवा त्या जातीची चिप असेल तर चारही टर्मिनलवर सिग्नल असतो. जुन्या अँपमध्ये दोन्ही मायनस आतून अर्थला एकत्र असत, म्हणून वडिलांची जोडणी बरोबर होती. नव्या अँपमध्ये मायनससुद्धा अँप्लिफायरचंच आउटपुट असतं. दोन मायनस एकत्र केलेत तर दोन आउटपुट एकमेकांवर शॉर्ट होतात. नशीब चांगलं असेल तर अँप प्रोटेक्शनमध्ये जाईल, नाहीतर चिप जळेल. याच कारणासाठी अशा अँपचं मायनस कुठल्याही धातूच्या बॉडीला किंवा दुसऱ्या उपकरणाच्या अर्थलाही टेकू द्यायचं नाही.

चौथी वायर ओढून घ्या, दुसरा मार्ग नाही. तसंही एका मायनसमधून दोघांचा करंट गेला की डावीकडचं थोडं उजवीकडे मिसळतं. वायर लांब आणि बारीक असेल तर ते मिसळणं कानाला कळतं.

सदाशिव_पेठेतली_मी

जोडण्याआधी विचारलं ते बरं झालं. जुन्या पाइपात जागा आहे, चौथी ओढून घेते. वाचनखूण साठवली.

डेक्कन_जिमखाना

बाय-वायरिंगचं राहिलं. माझ्या स्पीकरला मागे चार टर्मिनल आहेत.

ओहमकार

एकाच अँपमधून दोन जोड्या नेल्या की दोन्हींना तेच व्होल्टेज मिळतं. फायदा म्हणाल तर तांबं दुप्पट होतं, आणि ते एकाच जाड वायरीनेही होतं. स्पीकरमागच्या पितळी पट्ट्या ढिल्या किंवा काळ्या नाहीत ना, तेवढं बघा. त्या पट्ट्यांऐवजी अडीच एमएमचा चार इंचाचा तुकडा लावलात तर उत्तमच.

खर्जषड्ज

वायर बदलली. दोन्हीकडे अडीच एमएम, अखंड, पीळ घालून. डावीकडचं माप मीटरवर ०.२ आणि ०.३ मध्ये हलतंय. प्लस-मायनस सेलने तपासले. बॅलन्स मधोमध आणून विलंबित ऐकलं. डग्ग्यावरची मींड आता बोटाने दाबत नेल्यासारखी पूर्ण ऐकू येते, शेवटी ती नुसती विरत नाही, खाली उतरते. शेल्फवर होता तसा भरीवपणा परत आला. खोलीच्या काचेचा आणि टाइल्सचा थोडा खणखणाट आहे, त्यासाठी जाड पडदा लावणार आहे.

कान_हाच_मीटर

अभिनंदन. मीही माळ्यावरची जुनी केबल नवीन टोकं करून लावली. मुलीला सांगितलं की मी डोळे मिटून बसतो, तू हवी ती लाव आणि सांगू नकोस. माझं उत्तर पक्कं येईना. महाग केबल मी काढणार नाही, ती चांगली बनवलेली आहे. पण धाग्यात सांगितलं तसं करून मला जे मिळालं ते असं.

धायरी_फाटा

उशिरा आलो. माझ्याकडे हॉलमध्ये ८ ओहमची जोडी आहे. त्याच अँपवर स्वयंपाकघरात आणि गच्चीवर एकेक जोडी वाढवायची आहे. इलेक्ट्रिशियन म्हणतो सगळे सिरीजमध्ये टाकू, अँपवर लोड येणार नाही. बरोबर आहे का?

मुळाकाठ

लोड येणार नाही हे खरं, पण आवाज बिघडेल. दोन वेगवेगळे स्पीकर सिरीजमध्ये आले की प्रत्येक सुराला व्होल्टेजची वाटणी वेगळी होते. एकाचा रेझोनन्स जिथे, तिथे तो सगळं घेतो आणि दुसरा उपाशी राहतो. वर दीड ओहमच्या वायरीचं जे सांगितलं तेच, फक्त आता वायरीच्या जागी दुसरा स्पीकर आहे. अगदी सारख्या दोन स्पीकरनाच सिरीज चालते.

पॅरललमध्ये (समांतर जोडले तर) ८ आणि ८ चे ४ होतात, तिसरा ८ घातला की २.७. अँपच्या पाठीवर बघा, ए+बी साठी (दोन्ही जोड्या एकदम चालू) बहुधा प्रत्येक जोडी किमान ८ ओहमची हवी असं छापलेलं असतं. तीन जोड्या एकदम त्यावर टाकू नका, गरम होऊन बंद पडेल.

तुमच्यासाठी सोपा मार्ग: हॉल ए वर. स्वयंपाकघर आणि गच्ची बी वर, पण प्रत्येकाच्या भिंतीवर ट्रान्सफॉर्मरचा व्हॉल्यूम कंट्रोल, ज्याच्यात इम्पीडन्स (अँपला दिसणारे ओहम) निवडायचा जंपर, म्हणजे छोटी खटकी, असतो. दोन जोड्यांसाठी जंपर दुप्पटवर ठेवला की बी ला एकूण ८ ओहमच दिसतात. वायरवाउंड पॉटवाला कंट्रोल घेऊ नका, तो सिरीजमध्ये रेझिस्टन्स घालतो आणि आपण धागाभर तोच तर काढत होतो.

सोसायटीच्या हॉलसारखं १०० व्होल्टच्या लाइनचं कुणी सुचवलं तर घरात गरज नाही. तिथे १० वॅटचा स्पीकर ट्रान्सफॉर्मरमुळे १००० ओहमचा दिसतो, म्हणून पन्नास मीटरला एक एमएमसुद्धा पुरते. पण त्या लाइनचा झटका बसतो आणि घरचा साधा स्पीकर तिच्यावर थेट लावला तर जळतो.

धायरी_फाटा

कळलं. गच्चीपर्यंत वायर १८ मीटर भरेल. ८ ओहमला ५ टक्के म्हणजे ०.४. अडीच एमएमने ०.२९ येतंय, म्हणजे पुरेल ना?

मुळाकाठ

पुरेल. गच्चीकडे बाहेरून जाणारा भाग काळ्या आवरणाच्या दोन-कोअर केबलचा घ्या, उन्हात साधं पीव्हीसी दोन-तीन वर्षांत तडकतं. भिंतीत शिरण्याआधी वायरीला खाली झोळ द्या आणि भोक आतून बाहेर उतरतं पाडा, म्हणजे पावसाचं पाणी वायरीवरून घरात येणार नाही. स्पीकरचं टर्मिनल खालच्या बाजूला येईल असा तो लावा.